नमुना घेणारा

॥ श्री ॥

पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक
जानेवारी २०२६

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर रडवेली झालीस आणि मी नुसतं "बघू" म्हणालो. शेजारी टेम्पोवाला उभा होता, मोकळं बोलता येईना. म्हणून लिहितोय.

विमानांची सुरक्षा तपासणारं तुझं ते डीजीसीए म्हणजे रिकाम्या खुर्च्या, वर विमान वाहतूक मंत्रालय, आणि पगार विमान कंपनीच्या निम्मा, मग तिथे राहायचं कशाला, असं तू म्हणालीस. खुर्च्यांचं खरंच आहे. संसदेच्या समितीनेच गेल्या वर्षी मांडलं: मंजूर पदं १,०६३, भरलेली ५५३. यूपीएससीची भरती होईस्तोवर चांगली पोरं कंपन्या उचलून नेतात. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने आपल्या विमान-सुरक्षेचा दर्जा उतरवला होता, तो काही विमान पडलं म्हणून नव्हे. प्रशिक्षित तपासनीसच पुरेसे नव्हते. एप्रिल २०१५ मध्ये तो परत मिळाला, आणि आता पुन्हा निम्मं ऑफिस रिकामं.

खुर्ची रिकामी असली तरी काही बिघडलेलं दिसत नाही गं, तीच पंचाईत आहे. २०१० आठवतं? तू लहान होतीस. युरोपने आपली द्राक्षं अडवली, क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधापायी. आपण सगळे त्याला सीसीसी म्हणायचो आणि वर्षानुवर्षं मारायचो. तपासायच्या यादीत ते नव्हतंच, म्हणून रिपोर्ट स्वच्छ यायचा. तिकडे त्यांनी तपासलं आणि सापडलं. त्या साली घरात काय झालं ते आईला विचार.

त्याच्या पुढची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा पोरगा आला होता. मी त्याला चहा पाजला आणि हळूच विहिरीकडच्या ओळींकडे न्यायला लागलो. तिथे फवारा कमी बसला होता. त्याने कप ठेवला आणि सरळ बागेच्या मधोमध शिरला. मला राग आला होता, खोटं का सांगू. पण तो माझा गडी असता तर मी दाखवीन तिथलाच घड त्याने तोडला असता.

तुमच्याकडे नेमकं तेच आहे. विमानं वाढावीत, विमानतळ व्हावेत, हे बघणारं मंत्रालय. आणि तपासणारा त्याच मंत्रालयाचा गडी. २०२४ च्या नव्या कायद्यातही सरकारला डीजीसीएला निर्देश द्यायचा आणि त्याचे आदेश फेरतपासायचा अधिकार ठेवलाय. गेल्या डिसेंबरात बघितलंसच. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरात लागू झाले होते, एका मोठ्या विमान कंपनीने माणसंच पुरेशी ठेवली नव्हती, हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर लोक ओरडायला लागले, आणि सैल झाला तो नियम. लोकांचे हाल खरे होते, मान्य. पण म्हणून वैमानिकाची झोप थोडीच भरून निघते?

२०१३ साली स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत आलं होतं. ते तसंच विरलं. तेव्हा वरून फोन येणारच नाहीत, असं मी म्हणत नाही. येतील. आला की म्हणायचं, "साहेब, एवढं लेखी पाठवा." पाठवलं नाही तर आपणच तारीख-वेळ घालून फाइलवर नोंद करायची. इतकं मी आपल्या ग्रामपंचायतीतही शिकलोय. फार तर बदली करतील.

पैशाचं म्हणशील तर सोसायटीचं कर्ज माझं आहे, तुझं नाही. ते मध्ये आणू नकोस. कंपनीत जायचं ठरवलंस तरी मी रागावणार नाही. फक्त कर्जासाठी जाऊ नकोस.

इकडे मण्यांत पाणी उतरायला लागलंय. ओझरवरून सुखोई गेलं की अजून मान वर होते, तू लहानपणी धावत अंगणात यायचीस तशी. आईने डिंकाचे लाडू केलेत, कुरिअरने पाठवते.

गुरुवारी नमुनेवाले येणार. फवारणीची वही काढून ठेवलीय. पहिली चार पानं तुझ्या अक्षरातली आहेत.

तुझे,
नाना