मंत्रिमहोदय, गोळी वाढवण्याआधी वही तरी उघडायला सांगा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : स्वमग्न मुलांची वागणुकीवरची औषधं कोणतंही मोजमाप न करता वाढवली जाण्याबाबत

मा. महोदय, स. न. वि. वि.

पुण्यात कोर्टाच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मंत्रालयात येणारे बरेचसे अर्ज माझ्यासारख्यांच्याच की-बोर्डवरून निघतात. दुसऱ्याचं गाऱ्हाणं ‘विनंती अर्ज करतो की’ने सुरू करायचं आणि ‘कळावे, कृपा असावी’ने संपवायचं, यावर आमचं पोट. आज गाऱ्हाणं घरचं आहे. त्यामुळे नम्रता शेवटपर्यंत टिकेल याची हमी देत नाही.

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता. त्याचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. त्याला अजून तिथेच जायचंय. गेल्या गुरुवारी शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत त्याची रिस्पेरिडोनची (चिडचिड, मारामारी कमी करायला देतात ती) गोळी १ मिलिग्रॅमवरून २ वर गेली. डॉक्टर तरुण होते, नवे होते, बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली. त्यांनी शाळेची चिठ्ठी वाचली. ‘विद्यार्थी आक्रमक झाला असून औषध वाढवून आणल्याशिवाय त्यास वर्गात बसवता येणार नाही.’ आणि पेन चाललं. माझ्या मांडीवर एक लांब वही होती, ती मी पुढे सरकवली. “हे काय, डायरी? राहू द्या काका, वेळ नाहीये.” मुलाकडे त्यांनी एकदाच पाहिलं, तेही त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला तेव्हा.

त्या वहीत काय होतं ते आता तुम्ही ऐका, कारण तिथे कुणी ऐकलं नाही.

आमच्याकडे एक मुलगी थेरपीला येते. तिने त्या वहीत तीन रकाने आखलेत : आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. शाळेतली मदतनीस ताई चांगली आहे, ती तिथलं लिहून पाठवते. महिनाभराची पानं उलटली की चित्र लख्ख दिसतं. सकाळी मारामारी जवळजवळ नाहीच. डबा खाऊन झाल्यावर सगळ्यांबरोबर बसून फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं, की तो शेजारच्याला मारतो. मारलं की मला फोन येतो, मी शटर अर्धं ओढून स्कूटर काढतो. तिसऱ्या रकान्यात ओळीने एकच शब्द : घरी नेलं, घरी नेलं, घरी नेलं. ती म्हणाली, “दादा, त्याला मारायचं नाहीये, त्याला तिथून सुटायचंय. आणि मारलं की शाळा त्याला सोडते. मग तो का थांबेल?”

यावर तिच्याकडे उपाय होता. मारण्याऐवजी एक कार्ड पुढे करायला शिकवायचं. कार्ड दाखवलं की दोन मिनिटं उठून फिरू द्यायचं, मग परत जागेवर. हे काही तिने घरी बसून काढलेलं नाही. वागण्यामागचं कारण शोधून त्याच्या जागी मागणं शिकवायची ही पद्धत अमेरिकेत १९८५ सालीच छापून आली आहे. घरी ते कार्ड चालतं. शाळेने परवानगी नाकारली, कारण ‘मग बाकीची मुलंही कार्ड मागतील’. कार्डाला परवानगी नाही, गोळीला आहे. गोळी बाकीची मुलं मागत नाहीत ना!

झेरॉक्स काळी आली तर मशीनचं बटण फिरवण्याआधी मी मूळ कागद बघतो. एवढी अक्कल दुकानदाराला असते.

मी औषधाच्या विरोधात नाही, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर तुमच्या खात्यातलं कुणीतरी ‘अर्जदार अंधश्रद्ध आहे’ असा शेरा मारायचं. तो नऊ वर्षांचा असताना स्वतःचा हात चावून रक्त काढायचा. मनगटापासून कोपरापर्यंत वळ. त्याची आई पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवायची, बाहीला आतून जाड कापड लावून. तेव्हा अर्धा मिलिग्रॅम सुरू झालं आणि तो पहिल्यांदा पाटावर स्थिर बसला. बसला म्हणून शिकवता आलं. गोळीने दार किलकिलं केलं आणि त्या मुलीने त्याला आत नेलं, असं मी आजही मानतो.

एका विद्यार्थ्याने बाइंडिंगला टाकलेल्या प्रबंधात मी नंतर वाचलं (हो, आम्ही बाइंडिंगला आलेलं वाचतो) की २००२ मध्ये अमेरिकेत १०१ मुलांवर या औषधाची आठ आठवडे चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांत ठळक फरक पडला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के. म्हणजे औषध खरं आहे. पण त्याच आठ आठवड्यांत औषधवाल्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोने वाढलं, दुसऱ्यांचं ०.८ ने. २००६ मध्ये तिथल्या सरकारने ५ ते १६ वर्षांच्या स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी ते मंजूर केलं, आणि माहितीपत्रकात लिहिलं की डोस अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमने वाढवा, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. आमचा एका फटक्यात एकाचे दोन. आणि २००९ मध्ये आणखी एक अभ्यास आला : औषधाबरोबर आईवडिलांना वागणूक हाताळायचं रीतसर शिक्षण दिलं, तर नुसत्या औषधापेक्षा जास्त सुधारणा होते, आणि औषधही थोडं कमी लागतं. सरकारी पैसे वाचवायचा रस्ता दाखवतोय मी तुम्हाला.

वहीत शेवटच्या पानांवर आणखी एक मोजणी आहे : तो दिवसभरात स्वतःहून किती वेळा काही मागतो. अर्ध्याचा एक मिलिग्रॅम झाला तेव्हा मारणं थोडं कमी झालं, सगळे खूश. पण मागणं वीसेक वेळांवरून चार-पाचवर आलं. ‘पाणी’ हा शब्द आम्ही दोन वर्षं शिकवलेला. आता तो माठाजवळ जाऊन नुसता उभा राहतो, कुणी बघेपर्यंत. शर्टाची कॉलर लाळेने ओली. रात्री दोन-अडीचला स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजतं. कोरड्या पोळ्या खात उभा असतो, अंधारात. वर्षात ११ किलो वजन वाढलं. हे आमच्या घरच्या काट्यावर, कारण ओपीडीतल्या काट्यावर फायलींचा गठ्ठा ठेवलेला आहे. साखर, चरबी, प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन, तोंडाच्या नकळत होणाऱ्या हालचाली, यातलं काहीही आजवर कुणी तपासलेलं नाही. आक्रमकता मात्र सगळ्यांना दिसते. गप्प बसलेलं पोर शाळेला त्रास देत नाही, म्हणून ते बरं झालं असं धरायचं का?

आणि महिन्याअखेर औषधाच्या खिडकीवर ‘स्टॉक नाही, बाहेरून घ्या’. ही गोळी अशी अचानक तोडायची नसते, हळूहळू कमी करायची असते, हे खिडकीला कोण सांगणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं १८ वं कलम तुम्हाला ठाऊक असेलच. अत्यावश्यक यादीतली मानसोपचाराची औषधं सरकारी आरोग्यकेंद्रांत सदासर्वकाळ मोफत मिळतील असं त्यात लिहिलंय. बहुधा खिडकी कलमाच्या अलीकडे येते. मेडिकलवाला केसपेपरवरचं अक्षर बघून विचारतो, “हे एक आहे की दोन?” आता दोनच म्हणायचं.

एप्रिलमध्ये ऑटिझम जागरूकता दिनाला निळे दिवे लावून एक कार्यक्रम झाला. व्यासपीठावरून एका साहेबांनी सांगितलं की जूनपासून पुण्यात एकत्रित ओपीडी सुरू होईल : मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि वागणुकीवर काम करणारे एका टेबलाशी बसतील. आम्ही पालकांनी टाळ्या वाजवल्या. जून गेला. टेबल कुठे अडकलंय ते तरी कळवा, मी टेम्पो करून आणतो.

तुमची अडचण मला कळते असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. देशात लाखामागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे म्हणे. आम्हाला गुरुवारी तो पाऊणच भेटला असावा. त्या तरुण डॉक्टरचा तरी काय दोष, सकाळपासून तो शंभरेक माणसं निपटतोय. केंद्राच्या आरोग्य बजेटमधला जेमतेम १ टक्का मानसिक आरोग्याला. शंभर-सव्वाशेत एक जण स्वमग्न असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुण्यातली मुलं मोजा, गुणाकार तुमचे सचिव करतील. नदीकाठ सुशोभित करायला आपल्याकडे हजारो कोटी निघतात, वजनकाट्यावरच्या फायली उचलायला माणूस निघत नाही.

आणि त्या थेरपीवाल्या मुलीचं स्थान काय? काहीच नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, विशेष शिक्षक आहेत. वर्तन विश्लेषक, म्हणजे वागण्यामागचं कारण मोजून शोधणारे, असा वेगळा वर्गच नाही. अमेरिकेतलं जे मंडळ त्यांना प्रमाणपत्र द्यायचं, त्याने २०२३ पासून आपल्यासारख्या देशांतल्या नव्या उमेदवारांना दार बंद केलं. म्हणजे जी व्यवस्थित शिकलीय तिला कागद नाही, आणि ज्याने काल गल्लीत ‘ऑटिझम सेंटर’ची पाटी लावली त्याला कुणी विचारत नाही. पाऊण तासाला ८०० रुपये, पावती मागितली तर तोंड वाकडं. या विद्येचा इतिहासही काही सोवळा नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत मुलांना वागणूक सुधारायला चापटा आणि विजेचे झटकेसुद्धा दिलेले आहेत, आणि आज मोठी झालेली स्वमग्न माणसं त्या सगळ्या पद्धतीविरुद्ध उघड बोलतात. म्हणूनच नोंदणी हवी, देखरेख हवी. आमची थेरपीवाली मुलगी औषध लिहून देत नाही, द्यायचा तिला अधिकारही नाही, ती तसं म्हणतही नाही. ती फक्त मोजते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणते : गोळी बदलायची तर त्या महिन्यात शाळेचं वेळापत्रक तसंच ठेवा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार कसं? यात न कळण्यासारखं काय आहे? प्रमाणपत्र एका खात्याचं, गोळी दुसऱ्याची, शाळा तिसऱ्याची. पोरगं मात्र एकच आहे, आणि ते आमच्या घरात आहे.

मागणं फार नाही. केसपेपरला एक छापील पान जोडा : औषध सुरू करण्याआधी त्रासाचं वागणं किती वेळा, चांगलं वागणं किती वेळा, आणि वाढवल्यावर किती. वजन आणि रक्त ठरल्या वेळी तपासलं जावं. आठवड्यातून एक दिवस तरी वही लिहिणाऱ्याला डॉक्टरांच्या टेबलापाशी खुर्ची मिळावी. आणि ‘औषध वाढवून आणा, मगच वर्गात घेऊ’ अशी चिठ्ठी कोणत्याही शाळेला लिहिता येऊ नये. डोस ठरवायचा अधिकार मुख्याध्यापकांना कधी मिळाला, त्याचा जीआर असेल तर मला पाठवा.

पुढची तारीख याच महिन्याच्या चौथ्या गुरुवारची आहे. ते छापील पान मी स्वतःच तयार केलंय, मराठीत, ए-फोरवर, एका बाजूला बसतं. तुमच्या खात्यातून कुणी आलं तर जिल्ह्याला पुरतील एवढ्या प्रती काढून देतो, पाठपोट नको असेल तर एकेरी. कागद माझा. ‘आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात येत आहे’ हे पत्र मात्र पाठवू नका, त्याचा नमुना माझ्या कॉम्प्युटरवर तयार आहे.

आपला,
एक पालक, पुणे