रेल्वेचं भाडं आत्ता द्या, सिमेंट दिवाळीनंतर

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात चित्र-शिल्पकला शिकलेले आम्ही काही माजी विद्यार्थी दर रविवारी शाहूपुरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शिल्पाचा मोफत वर्ग चालवतो. येणारी बहुतेक पोरं कुंभार गल्लीतली नाहीतर बापट कॅम्पातली. शाडूत त्यांचा हात आमच्यापेक्षा सफाईने चालतो, हे कबूल करायला आम्हाला लाज नाही. सोंडेचा बाक, पोटाची गोलाई त्यांना शिकवावी लागत नाही. पण अनंत चतुर्दशी झाली की तेच हात रिकामे. मग कुणी गॅरेजला जातं, कुणी एमआयडीसीत.

या पोरांना गेलं वर्षभर आम्ही शिल्पकार रामकिंकर बैज यांची गोष्ट सांगतोय. १९०६ साली बंगालमधल्या बांकुऱ्यात एका न्हाव्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. गावातल्या मूर्तिकारांचं काम बघत हा पोरगा चिखलात हात घालायला शिकला. असहकाराच्या चळवळीत पुढाऱ्यांची चित्रं रंगवू लागला. ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकाचे संपादक रामानंद चॅटर्जी मूळचे बांकुऱ्याचेच. त्यांच्या नजरेत हा मुलगा भरला आणि १९२५ साली तो शांतिनिकेतनात चित्रकार नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकायला आला. इथवर आल्यावर वर्गातल्या एका पोराने विचारलं, “सर, रेल्वेचं भाडं कुणी दिलं त्यांना?”

हे पत्र त्या प्रश्नातून निघालंय. रामकिंकरांची शिल्पं बघायला पोरांना शांतिनिकेतनला न्यायचंय आणि परत आल्यावर त्यांच्याच पद्धतीने एक शिल्प उभं करायचंय, त्यासाठी मदत मागतोय.

रामकिंकर शांतिनिकेतनातल्या ज्या कलाभवनात शिकले, तिथेच पुढे शिकवू लागले आणि शिल्प विभागाचे प्रमुख झाले. ब्राँझ आणि संगमरवर परवडण्यातलं नव्हतं. म्हणून लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर सिमेंट, वाळू, लाल मुरमाची खडी यांचा गिलावा हाताने फेकून मारायचा. सिमेंट थांबत नाही, त्यामुळे हातही थांबवता येत नाही. १९३८ साली याच पद्धतीने त्यांनी ‘संथाळ कुटुंब’ केलं. बिऱ्हाड घेऊन निघालेले नवरा-बायको, नवऱ्याच्या खांद्यावर कावड, कावडीच्या टोपल्यात पोर, बरोबर कुत्रं. देव नाही, राजा नाही, पुढारी नाही. काम उघड्यावर, कलाभवनाच्या आवारात चालायचं आणि विद्यार्थ्यांना ते बघत, हात लावत शिकता यायचं. त्यांचेच विद्यार्थी शंखो चौधुरी १९४९च्या सुमाराला बडोद्याला गेले, तिथला शिल्प विभाग त्यांनी उभा केला, आणि त्यांच्या हाताखालून राघव कनेरिया, नागजी पटेल यांच्यासारखे शिल्पकार तयार झाले. बडोद्यात शिकून आलेला एखादा मास्तर आपल्याला शिकवून गेला असेल, तर बांकुऱ्याच्या त्या पोराचं थोडं देणं आपल्याकडेही निघतं.

‘मिल कॉल’ हे त्यांचं १९५६चं काम. भोंगा झालाय, दोन बाया मिलकडे पळत सुटल्यात, ओलं लुगडं वाऱ्यावर उडतंय, मागे एक पोर. आपल्या शाहू मिलची स्थापनाही १९०६ची, म्हणजे मिल आणि रामकिंकर एकाच वयाचे. भोंग्यावर घड्याळ लावलेल्या कोल्हापूरकराला हे शिल्प समजावून सांगायला नको.

आता आमच्या वर्गातलं. कागलकडून येणाऱ्या एका मुलीने दीड वितीचं शाडूचं मॉडेल केलंय. ऊसतोडीची बाई, डोक्यावर वाढ्याची मोळी, कमरेला पोर, पायाशी कुत्रं. मोळीच्या वजनाने मान किंचित पुढे आलीय आणि तेवढ्यासाठीच टाच मागे रेटलीय. ही टाच तिने चार वेळा मोडून परत केली. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. हे मॉडेल सहा फुटी करायचं, रामकिंकरांच्या पद्धतीने, सळई आणि सिमेंट-मुरमात, असं सगळ्यांनी ठरवलंय. पुतळ्यासाठी वर्गणी काढणं कोल्हापूरला नवीन नाही, पण ऊसतोडीच्या बाईसाठी आजवर कुणी पावतीपुस्तक छापलं असेल असं वाटत नाही.

त्याआधी पोरांनी मूळ काम डोळ्यांनी बघावं, त्याला चारी बाजूंनी फिरावं. फोटोत शिल्पाची मागची बाजू दिसत नाही. नऊ मुलं आणि दोन शिक्षक जानेवारीत शांतिनिकेतनला नेतोय. डिसेंबरात पौष मेळ्याची गर्दी असते, तेव्हा नको. इथून पुणे, पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने हावडा, पुढे बोलपूर. स्लीपरचं जाणं-येणं, राहणं, जेवण धरून माणशी ६,५०० रुपये, म्हणजे एकूण ७१,५००. यातले २३,००० आम्ही आपापसांत जमवलेत. उरलेल्या ४८,५०० साठी तुमच्याकडे हात पसरतोय. तिकिटं आधी काढावी लागतात, म्हणून ही रक्कम गणपतीपूर्वी हवी.

सिमेंट मात्र आत्ता देऊ नका. गेल्या पावसाळ्यात एका सद्गृहस्थांनी प्रेमाने दिलेली सहा पोती आम्ही शेडमध्ये खाली फरशीवर ठेवली. ओल लागून त्यांचे धोंडे झाले. चूक सर्वस्वी आमची. त्यांची माफी मागून झालीय, इथे पुन्हा मागतो. रामकिंकरांबद्दल सांगतात की घराचं छप्पर गळायला लागल्यावर त्यांनी स्वतःची तैलचित्रं तिथे लावली होती. आमच्याकडे लावायलाही तेवढी चित्रं नाहीत, म्हणून या वर्षी पत्रे बदलून घेतलेत आणि खाली फळ्या टाकल्यात. दिवाळीनंतर २० पोती सिमेंट, ८ आणि १२ मिलिमीटरची सळई, बाइंडिंग तार आणि दोन ब्रास मुरूम लागेल. ज्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे, त्यांनी सळईचे तुकडे भंगारात घालण्याआधी आम्हाला एक निरोप द्यावा.

आणखी एक मागणं आहे आणि आमच्या दृष्टीने ते सर्वांत मोठं. गिलाव्याचा हात असलेला एखादा जुना गवंडी आणि एक सेंट्रिंगवाला चार रविवार मिळाले तर हवेत. माल किती घट्ट कालवायचा, सळईला कुठे बांध द्यायचा, हे कॉलेजात आम्ही वहीत लिहून घेतलं; हाताला ते तेवढं आलेलं नाही. आपले बाबूराव पेंटर हे मेस्त्रींच्या घरातले, कुठल्या कला महाविद्यालयात न जाता चित्रकार झाले, शिल्पकार झाले आणि सिनेमाचा कॅमेराही त्यांनी इथेच तयार केला. तेव्हा ‘आम्ही काय शिकवणार’ असं कुणा मेस्त्रींनी म्हणू नये. मजुरी देऊ. फुकट बोलावत नाही.

देणगी धनादेशाने किंवा रोख, रक्कम कितीही चालेल. पावती घेतल्याशिवाय पैसे कुणाच्या हातात देऊ नका, आमच्यासुद्धा. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शेडच्या दारावर लावलेला असतो. वर्ग सकाळी ९ ते १. चहा मिळेल, पण बसायला खुर्ची नाही. शाडूची पिंपं आहेत, त्यांवर गोणपाट टाकून देऊ.