दिल्या, आवाज क्रॉसचा निघाला

प्रिय दिल्या,

आईचे गुडघे आहेत तसेच, बाकी सगळे बरे. पत्र लिहितोय ते आप्पांच्या जीपसाठी. घरात विषय काढला की "जुनी गाडी, आवाज यायचाच" म्हणून सगळे मोकळे होतात.

साखरप्याहून आंबा घाट चढताना खालून च्यूंक् च्यूंक् सुरू झालं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की वर एक टण्! गॅरेजवाल्याने एक चक्कर न मारताच स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलले, पैसे घेतले, आणि गेटच्या बाहेर पडतोय तोच पुन्हा च्यूंक्. इतकी चीड आली! अरे, आधी ऐका तरी.

मग तुझीच रीत धरली. उतारावर न्यूट्रल केली तरी आवाज तसाच, गाडीच्या वेगाबरोबर कमीजास्त होणारा. म्हणजे इंजिन सुटलं. चाकावर खडूची रेघ मारून बाळूला शेजारून चालायला लावलं. चाकाचा एक फेरा होईस्तोवर च्यूंक् चारेकदा! चाकाचा असता तर फेऱ्याला एकदाच आला असता. एवढ्या फेऱ्यांनी फिरणारं खाली दुसरं काय आहे? प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा. तू इथे असतास तर खडूसुद्धा लागला नसता. वहिनींची हाक तुला ऐकू येत नाही, पण बुश दोन गल्ल्यांवरून ऐकतोस.

चाकांना दगड लावले, पोतं टाकून खाली शिरलो आणि डिफरन्शियलकडचा, म्हणजे शाफ्टच्या मागच्या टोकाचा क्रॉस (शाफ्टला वाकू देणारा अधिक-चिन्हासारखा सांधा) दोन्ही हातांनी उलटसुलट पिळला. हलला! क्रॉसच्या टोकावरच्या कपाच्या कडेला विटकरी भुकटी, म्हणजे गंज. पंचाने खुणा करून शाफ्ट उतरवला. तीन कपांत ग्रीस होतं, चौथा ठणठणीत कोरडा. आतल्या बेअरिंगच्या सुया गंजलेल्या, आणि क्रॉसच्या त्या टोकावर नखाला लागतील असे चर. नवा क्रॉस बसवला. आवाज साफ गेला.

आप्पा गेल्यावर तू "विकून टाक" म्हणालास आणि त्या गणपतीत आपण एकमेकांशी बोललो नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे. नाही विकणार.

तुझ्या बदलीचं कळलं. नागपूरचा उन्हाळा सांभाळ. चिऊची दहावी ना यंदा? तिला माझा आशीर्वाद सांग.

आता खरी काळजी. गिअरबॉक्सकडचा क्रॉसही त्याच वयाचा. हाताला घट्ट लागतो, पण आतलं काय सांगावं? मागचा तुटला तर शाफ्ट मागे घासत येईल, पुढचा तुटला तर टोक रस्त्यात रुतून गाडी उलटायची भीती. गणपतीला आई आणि पोरं याच गाडीतून घाट उतरणार आहेत. बाळू म्हणतो, चांगल्या जॉइंटला हात लावू नये. मला वाटतं, तोही बदलून टाकावा. तुझं मत लगेच कळव, तोवर जीप गावाबाहेर काढत नाही.

तुझा,
सुध्या