उघडून न बघता ‘मोटर बदला’ कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गाडीचा एसी लावला की डाव्या बाजूच्या खणामागून, म्हणजे ग्लोव्ह बॉक्समागून, खडखड यायला लागली. आधी वाटलं, खणातल्या चाव्या वाजताहेत. खण रिकामा केला, तरी आवाज तसाच. माझ्या यजमानांना दमा आहे. रस्त्यावरची धूळ त्यांना सोसत नाही, म्हणून सांगलीहून मिरजेला दवाखान्यात जाताना आमच्या काचा कायम बंद आणि एसी चालू. खडखड इतकी वाढली की शेजारी बसूनही त्यांना माझं बोलणं ऐकू येईना.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने दार उघडलं, पंखा चारवर केला, पाच-सात सेकंद ऐकलं आणि म्हणाला, “काकू, ब्लोअर मोटर गेली. पूर्ण सेट बदलावा लागेल.” ब्लोअर म्हणजे एसीची हवा आत ढकलणारा पंखा. मजुरीसकट सहा हजार आठशे रुपये. मी विचारलं, उघडून बघितलंत का? तर म्हणाला, “ते उघडत नाही आम्ही, डायरेक्ट नवीन टाकतो.” माझं हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

मी एकतीस वर्षं शिवणवर्ग चालवला. मशीनचा आवाज ऐकून दुखणं ओळखणं हे आमचं रोजचं काम. दोरा अडकला की वेगळं वाजतं, तेल सुकलं की वेगळं. ही खडखड मला काहीतरी अडकल्याची वाटत होती, झिजल्याची नाही.

घरी आल्यावर इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली. एसीचं बटण बंद, फक्त पंखा चालू. एकवर सावकाश टक-टक, दोनवर भरभर, चारवर सलग खडखड. म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या कॉम्प्रेसर आणि बेल्टचा संबंधच नाही, आवाज पंख्याचाच. (पंखा फक्त चारवर चालतो, बाकी नंबरवर नाही, असं असेल तर जुन्या पद्धतीच्या गाड्यांत बहुतेक वेळा पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेलेला असतो. तोही स्वस्तातला भाग आहे, मोटर नव्हे.)

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या, तो खाली आला. मागे काळी गोल मोटर, तिचा एक कप्लर (वायर जोडायचा प्लग) आणि तीन स्टार स्क्रू. शेजारच्या घरातल्या मुलाने टॉर्च धरला. शेवटचा स्क्रू सोडताना मोटरला खालून हात लावून ठेवायचा, नाहीतर ती पायात पडते. ज्यांच्या गाडीत डाव्या बाजूला एअरबॅग आहे त्यांनी पिवळ्या वायरींना अजिबात हात लावू नये. शंका आली तर तिथेच थांबावं आणि मेकॅनिकला बोलवावं.

मोटरवरचा पंखा म्हणजे उभ्या पात्यांचा प्लास्टिकचा पिंजरा. त्यात काय होतं? कडुनिंबाच्या वाळलेल्या काड्या, फोमचा एक तुकडा आणि गेल्या पावसाळ्यातल्या दोन सुकलेल्या लिंबोळ्या. गाडी आम्ही कडुनिंबाखाली लावतो. वायपरखालच्या जाळीतून बाहेरची हवा आत येते, तिच्याबरोबर हे सगळं आलं असणार. नाकाला रुमाल बांधून जुन्या टूथब्रशने एकेक पातं साफ केलं. एका पात्यावर पत्र्याची बारीक क्लिप होती. ती कचरा समजून काढू नये, पंख्याचा तोल राखण्यासाठी ती कंपनीतूनच बसवलेली असते.

पंखा हाताने फिरवला तेव्हा खडखड गेली होती, पण बारीक चीं-चीं उरली होती. हा आवाज माझ्या ओळखीचा. बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, सुकला होता. शिलाई मशीनचं तेल मोठ्या सुईच्या टोकावर घेतलं आणि पंख्याखाली जिथे दांडा मोटरमध्ये शिरतो तिथे एकच थेंब सोडला. दांडा फिरवला, थोडं थांबून दुसरा सोडला. बस, दोनच. जास्त तेल आत उतरलं तर मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बनवर जातं आणि चांगली मोटर बिघडते. दांडा बोटाने इकडेतिकडे हलत असेल तर बुश झिजलाय असं समजावं. मग मोटर बदलावीच लागते, आणि तेव्हा तो खर्च मी खुशीने केला असता.

सगळं परत बसवायला धरून दीड तास लागला. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, आवाज आलेला नाही. वायपरखालची जाळी आता मी दर रविवारी पुसते आणि गाडी लावताना बाहेरची हवा बंद करते.

प्रत्येकाने स्क्रू ड्रायव्हर घ्यावा असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे अवजारं आहेत, शिकलेली मुलं आहेत, त्यांनी तीन स्क्रू काढून बघायला काय हरकत आहे? हा ग्लोव्ह बॉक्स निघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न देता पेन्शनीतल्या माणसाला सहा हजार आठशेचा आकडा सांगणं मला पटत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनंही त्यात आहेत. पण तो हक्क काउंटरवर दिसायचा तर सर्व्हिस सेंटरने गिऱ्हाइकासमोर भाग उघडावा, बिघाड दाखवावा आणि मगच खर्च सांगावा. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

त्या दोन लिंबोळ्या मी डबीत ठेवल्या आहेत. पुढच्या सर्व्हिसिंगला त्या मुलाला दाखवणार आहे. भांडायला नव्हे, हुशार वाटला मला तो, फक्त उघडून बघायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका
विश्रामबाग, सांगली