लाटा कड्याच्या पलीकडे फुटतात

॥ श्री ॥

नाझरे, पोर्तुगाल
१२ जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
वैशालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. तब्येत उत्तम आहे, जेवणखाण वेळेवर होते, आणि हॉटेलातले काम, पाळ्या, सुट्टीचा वार यांत काहीही बदल झालेला नाही, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. परवा फोनवर आई रडायला लागली आणि बाबांनी बोलणेच आवरते घेतले, त्यामुळे सांगायचे होते ते राहून गेले. दिगूने तुम्हाला इथल्या लाटेचा व्हिडिओ दाखवला आणि आपली मुलगी त्या लाटेच्या तोंडाशी राहते असे तुमच्या मनाने घेतले. बाबा, तुमचे उभे आयुष्य दर्यावर गेले आहे. ही जागा नेमकी कशी आहे हे तुम्हाला नीट कळले, तर तुमची काळजी निम्म्याने तरी कमी होईल अशी माझी खात्री आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

नाझरे हे लिस्बनच्या उत्तरेला, मोटारीने सुमारे १२० किलोमीटरवर, अटलांटिक महासागराच्या काठी आहे. गावाचे तीन भाग आहेत. मी जिथे राहते आणि काम करते तो खालचा भाग पश्चिमेकडे तोंड केलेल्या लांबरुंद पुळणीला लागून आहे. त्याला नुसते प्राइया, म्हणजे किनारा, म्हणतात. या पुळणीच्या उत्तर टोकाला ११० मीटर उंचीचा सरळ तुटलेला कडा समुद्रात घुसला आहे. कड्याच्या माथ्यावर सीतियो नावाची वस्ती आहे. तिसरा भाग पेदेर्नैरा. तो मागच्या टेकडीवर आहे आणि तिघांत तोच सर्वांत जुना. तुम्ही व्हिडिओत पाहिलेली लाट कड्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर फुटते. तिथे घरे नाहीत, हॉटेले नाहीत, आणि माझे तिथे काही कामही नसते. आमच्या बाजूला तोच कडा आडवा येतो, त्यामुळे उत्तर-पश्चिमेकडून येणाऱ्या उसळीचा जोर आमच्या पुळणीपर्यंत पोहोचेतो बराच मोडतो. हिवाळ्यात इथेही पाणी खवळलेले असते आणि पाण्यात कोणी उतरत नाही, मीही उतरत नाही. पण त्या डोंगराएवढ्या लाटा आमच्या दारात येत नाहीत, हे कृपा करून ध्यानात घ्या.

तळ वर आला की लाट मंदावते आणि उभी राहते, हे मला तुम्हीच वेंगुर्ल्याच्या बंदरावर दाखवले होते. इथे तेच होते, पण त्यात एक वेगळी गोष्ट मिसळली आहे. समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ आहे. ती सुमारे २३० किलोमीटर लांब आहे, खोल समुद्राकडच्या टोकाला तिची खोली ५,००० मीटरच्या घरात जाते, आणि तिचे अलीकडचे तोंड नाझरेच्या कड्याला जवळजवळ टेकले आहे. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांनी उठलेली उसळ या घळीवरून येते तेव्हा खाली खोल पाणी असल्यामुळे तिचा वेग टिकून राहतो. त्याच उसळीचा शेजारून, उथळ तळावरून येणारा भाग मात्र मागे पडतो. वेगातल्या या फरकामुळे लाट वाकते, आणि तिचे दोन्ही भाग उत्तरेच्या किनाऱ्यासमोर एकमेकांवर चढतात. किनाऱ्याला धरून वाहणारा पाण्याचा ओढ समोरून येऊन तिला आणखी उचलतो. घळ तिथे आणि लाट इथे, असे का, हा तुमचा प्रश्न असेल, तर उत्तर त्या वाकण्यात आहे.

या लाटांवर फळी घेऊन घसरणारे लोक जगभरातून येतात. २०११ मध्ये गॅरेट मॅकनमारा नावाचा अमेरिकन माणूस ७८ फुटी लाटेवरून उतरला आणि तेव्हापासून या गावाचे नाव सगळीकडे झाले. २०२० च्या ऑक्टोबरात सेबास्टियन श्टॉयटनर या जर्मन माणसाची लाट ८६ फूट मोजली गेली आणि ती गिनीजच्या नोंदीत गेली. कड्याच्या टोकावर १५७७ मध्ये राजा सेबास्तियाँवच्या काळात बांधलेला सेंट मायकलचा छोटा किल्ला आहे. त्याच्यावर १९०३ पासून दीपगृह आहे, आणि बघे तिथेच उभे राहतात. मीही तिथूनच पाहिले, जाडजूड दगडी कठड्याच्या मागे उभी राहून. आवाज आधी पायांना जाणवतो आणि मग कानांना ऐकू येतो. बाबांना एकदा तिथे उभे करावे, असे तेव्हा फार वाटले.

समुद्र इथे कोणाला दुखवत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही आणि तुम्हाला ते पटणारही नाही. आता गावाच्या दक्षिणेला बंदर आहे, पण ते १९८० च्या दशकातले. त्याआधी इथल्या लोकांना उंच टोकाच्या, सपाट बुडाच्या होड्या फुटत्या लाटांतून ढकलत न्याव्या लागत आणि परत येताना त्याच लाटांतून आत घ्याव्या लागत. पुळणीवर होडी ओढायला बैल जुंपत. बाया वाळूत बसून वाट पाहत, आणि कित्येकदा होडी त्यांच्या डोळ्यांदेखत, हाकेच्या अंतरावर उलटत असे. इथली पारंपरिक मासेमारी म्हणजे आपली रापणच. होडी जाळे सोडत अर्धवर्तुळ घेते आणि जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढतात. जुन्या होड्या आता पुळणीवर रंगवून मांडून ठेवल्या आहेत. त्यांच्याजवळून जाताना मी प्रत्येक वेळी थांबते.

बायकांच्या सात परकरांची गोष्ट आईला सांगितली होती, ती याच वाट पाहण्यातून आली आहे, असे इथले लोक सांगतात. एकावर एक परकर घालायचे, वारा सुटला की वरचे डोक्यावर-खांद्यांवर ओढायचे आणि खालच्यांनी पाय झाकायचे. सातच का, याला घरोघरी वेगळे उत्तर मिळते. सातव्या लाटेनंतर समुद्र जरा निवतो आणि होडी आत घ्यायला संधी मिळते, म्हणून बाया लाटा मोजत बसत, हे उत्तर मला सर्वांत पटते. पुळणीच्या एका बाजूला लाकडी चौकटींवर जाळी ताणून मासे अजूनही सुकवतात. बांगड्यासारखा दिसणारा कारापाऊ पोटाकडून चिरून, साफ करून, खारवून, पुस्तकासारखा उघडा करून उन्हात ठेवतात आणि मधूनमधून हातानेच उलटतात. त्या वासाने मी पहिल्या दिवशीच घरी पोहोचले होते.

आता आईच्या मनातल्या मुख्य शंकेकडे येते, ती म्हणजे 'रस्त्यात भेटलेल्या बाईच्या घरात तू राहतेसच कशी?' आई, ही इथली जुनी रीत आहे आणि ती नीट सांगितल्याशिवाय बाहेरच्या माणसाला विचित्रच वाटेल, मलाही वाटली होती. गावात शिरणाऱ्या रस्त्याच्या कडेला आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर वयस्कर बायका खुर्ची टाकून बसतात. हातात किंवा मांडीवर एक पाटी असते, तिच्यावर पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा भाषांत एकच गोष्ट लिहिलेली असते, की खोल्या भाड्याने मिळतील. गाडी दिसली की त्या पाटी उंच धरतात, पायी जाणाऱ्याशी स्वतःहून बोलतात, आणि गिऱ्हाईक तयार झाले की त्याला घेऊन घर दाखवायला निघतात. हा लपूनछपून चालणारा धंदा नव्हे. अशा खोल्यांची आता रीतसर नोंद करावी लागते. उन्हाळ्यात हे गाव माणसांनी भरून जाते, हिवाळ्यात रिकामे होते, आणि ज्या घरात मासळीवर वर्ष निघत नाही त्या घराला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचा आधार होतो. घरातले लोक उन्हाळ्यात खालच्या खोलीत दाटीवाटीने राहतात आणि चांगली खोली पाहुण्याला देतात, हेही मी पाहिले आहे. पुरुषाने मासे आणायचे आणि बाईने ते विकायचे, पैसा सांभाळायचा, व्यवहार ठरवायचा, अशी इथली जुनी वाटणी होती, तेव्हा घरातली खोली विकायलाही बाईच रस्त्यावर बसली. वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात काकी बसते त्याहून हे काही वेगळे नाही.

माझी घरमालकीण अशीच एक आजी आहे. नवरा गेल्यापासून ती फक्त काळे कपडे वापरते, इथल्या विधवांची ती रीतच आहे. मला बाराही महिने राहायचे आहे असे कळल्यावर तिने मला भाडे कमी लावले आणि घरात काय चालते, काय चालत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. रात्रपाळीहून परतायला उशीर झाला तर ती जिन्यातला दिवा चालू ठेवते. मी परक्या घरात आहे हे खरे, पण बेवारस नाही.

बाबा, तुम्ही आणखी एक गोष्ट बोलून गेलात, की इतके देश असताना पोर्तुगीजांच्याच देशात जायचे होते का. आजोबांनी तेरेखोलच्या पलीकडचा गोवा पाहिला होता, देवळे पाडली गेल्याच्या आणि देव रातोरात खाडीपार हलवल्याच्या कथा आपल्या घरात अजून सांगितल्या जातात, त्यामुळे तुमच्या बोलण्याचा मला राग आला नाही. या गावाचा त्या इतिहासाशी संबंधही आहे. सीतियोवर कड्याच्या अगदी काठाशी एक इवलेसे देऊळवजा चॅपेल आहे. ११८२ मध्ये दों फुआश रोपिन्यू नावाचा सरदार धुक्यात हरणामागे घोडा फेकत आला, कडा संपल्याचे ऐन वेळी दिसले, त्याने मेरीमातेचा धावा केला आणि घोडा काठावर थबकला, अशी तिथली आख्यायिका आहे. खडकावरची टापेची खूणही दाखवतात. जवळच मोठे चर्च आहे, त्याचा पाया १३७७ मध्ये राजा फेर्नांदूने घातला. वाश्कू द गामा हिंदुस्थानच्या वाटेला लागण्याआधी इथे दर्शनाला आला होता, असे इथे मानतात. १५४१ मध्ये गोव्याला निघण्याआधी फ्रान्सिस झेवियरही येऊन गेला, असेही सांगतात. ज्या काठावरून निरोप घेऊन ती माणसे आपल्या समुद्रात आली, त्याच काठावर मी उभी होते, आणि माझ्या मनात राग व कुतूहल दोन्ही होते. पण ज्यांनी राज्य केले ते वेगळे, आणि जिन्यात दिवा लावणारी माझी आजी वेगळी. तिच्या घरातले पुरुष तुमच्यासारखेच जाळी ओढत आले आहेत.

पेदेर्नैराबद्दल थोडेच लिहिते. मध्ययुगात हा सगळा मुलूख आल्कोबासाच्या मठाचा होता, आणि तेव्हा समुद्राचे पाणी टेकडीखालच्या खाजणात आतपर्यंत येत असे. तिथे बंदर होते, लैरियाच्या पाइनच्या लाकडाची जहाजे बांधत. पुढे ते सगळे गाळाने आणि वाळूने भरत गेले, समुद्र मागे सरला, चाच्यांची भीतीही ओसरली, आणि लोक टेकडी सोडून नव्या पुळणीवर उतरले. १९१२ मध्ये पेदेर्नैरा हे नाव जाऊन सगळ्या गावाचे नाव नाझरे झाले. खालून सीतियोवर जायला १८८९ पासून कड्यावर चढणारी रेल्वे आहे, तिच्यात बसून दोन-चार मिनिटांत वर पोहोचता येते. सुट्टीच्या दिवशी माझे फिरणे एवढेच.

आता पैशांचे. या महिन्यात ८५,००० रुपये दिगूच्या खात्यावर पाठवले आहेत. त्यातून होडीच्या इंजिनाचा हप्ता आधी भरावा, आणि उरलेले त्याच्या लग्नासाठी बाजूला ठेवावेत. बाबांनी मोतीबिंदूचे ऑपरेशन लग्नानंतर करू म्हणून पुढे ढकलू नये. त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वेगळे येतील.

दिगूची तारीख वैशाखात ठरल्याचे कळले आणि फार आनंद झाला, मुलीचा फोटोही पाहिला, दोघे शोभून दिसतात. मला मात्र येता येणार नाही. माझ्या राहण्याच्या कार्डाचे नूतनीकरण अजून अडकलेले आहे आणि ते हातात येण्याआधी देश सोडला तर परत येताना अडचण होऊ शकते. करवलीचा मान काकीच्या मनीला द्यावा, तिच्या साडीचे पैसे मी वर लिहिलेल्या रकमेत धरलेले नाहीत, ते वेगळे पाठवते. फोटो काढणाऱ्याला आधी सांगून ठेवावे, म्हणजे मंगलाष्टके मला इथे फोनवर ऐकता येतील. मी त्या दिवसाची सुट्टी आत्ताच मागून ठेवली आहे.

कुडाळच्या स्थळाबद्दल आईने विचारले आहे. माणसे चांगली आहेत, याबद्दल मला शंका नाही, परंतु त्यांना थांबवून ठेवणे योग्य होणार नाही, कारण हॉटेलने माझा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला आहे आणि मी त्यावर सही केली आहे. पगारात वाढ आहे, घराच्या कर्जाचा मोठा भाग त्यात फिटेल, आणि बाबांना पावसाळ्याआधीच्या खराब हवेत पोटासाठी दर्यावर जावे लागणार नाही. आई, तुला हे वाचून वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. कुडाळच्या मंडळींना नकार माझ्या नावाने कळवावा, तुम्ही शब्द फिरवलात असे कोणी म्हणू नये. सातेरीला गाऱ्हाणे घालणार असाल तर या लाटांचे घालू नका, बाबांच्या डोळ्यांचे घाला.

ऑपरेशनची तारीख मिळाली की दिगूने लगेच कळवावे, आणि पैसे खात्यात जमा झाल्याचेही. काका-काकींना नमस्कार, मनीला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपली आज्ञाधारक,
वैशाली