घर घेण्याआधी कागद समजून घ्या: रविवारी बैठक

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता देवळाच्या सभामंडपात बैठक आहे. घरखरेदीच्या कागदांतले शब्द वकील समजावून सांगतील. रत्नागिरी-चिपळुणात फ्लॅट किंवा गावात घर बघत असाल, तर नक्की या. मुंबईकर सभासदांनी घरच्या कुणाला तरी पाठवावं.

येताना ताजा सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) आणि असेल तर साठेखताची झेरॉक्स आणा.

तोवर एवढं लक्षात ठेवा:

- साठेखत म्हणजे विक्रीचा करार. त्याने मालकी मिळत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. आपल्याच एका कुटुंबाने साठेखतावर सगळी रक्कम देऊन टाकली, अजून हेलपाटे घालताहेत. फार वाईट वाटतं.
- सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव, बँकेचा बोजा म्हणजे कर्ज तिथेच दिसतं. आपल्याकडे घर एकाचं, जमीन सामायिक आणि कलमी झाडं तिसऱ्याची असतात; सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यातच.
- रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) लागू असलेल्या प्रकल्पात करार नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

बैठक होईपर्यंत कुणीही बयाणा देऊ नये, ही कळकळीची विनंती.

– सचिव