विल्सन, पोरगा भाषा बोलायला लागला

सदर, नागपूर
आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा) पहिला आठवडा

प्रिय विल्सन,
सप्रेम सलाम.

प्रकृती ठीक. माझी शुगर आहे तेवढीच आहे, सुनंदाचा गुडघा कुरकुरतो. झालं. आता मुद्द्याचं.

आमचा अमोल भाषा बोलायला लागला. कोणती भाषा, हे तुला सांगायला नको, आत्म्याने भरल्यावर प्रार्थनेत तोंडून येते ती, कोणाला न कळणारी. शनिवारी रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर माडीवरून आवाज. आधी वाटलं, फोनवर कोणाशी भांडून राहिला. जिन्यात उभा राहिलो. शब्द एक कळेना, पण चाल कळत होती. वर चढायची, मध्येच मोडायची, मग एकाच अक्षरावर अडून पुन्हा पुन्हा तेच. तो आवाज मी आधी एकदाच ऐकलाय बे, होस्टेलच्या गच्चीवर, तुझ्या तोंडून, कन्व्हेन्शनहून परत आलो त्या रात्री. म्हणून हे पत्र तुला. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते कमिटीपुढे विषय ठेवतील, आणि आमच्या बंधूंना सांगितलं तर ते प्रार्थनेची विनंती म्हणून ग्रुपवर टाकतील.

तेव्हा मी हसलो म्हणून तू महिनाभर बोलला नव्हतास. मला अजूनही वाटतं की हसण्यासारखंच होतं. तू माझी चादर पांघरून बसला होतास आणि ती परत द्यायला तयार नव्हतास.

तर भाषेबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात नियमच घालून दिलेत की दोघांनी, फार तर तिघांनी पाळीपाळीने बोलावं, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून देवाशी बोलावं. अमोल देवाशीच बोलत होता, आणि दार लावून. माझा घोर वेगळाच आहे.

पावसाळ्यात अमोल जातो त्या हॉलमधल्या प्रार्थनासभेत कोणीतरी ह्याच्या डोक्यावर हात ठेवून देवाचा संदेश दिला की मार्चच्या आत परदेशाचं दार उघडेल. देश कोणता, ते प्रभूने सांगितलं नाही. ह्याने बुटीबोरीची नोकरी सोडली. पासपोर्ट आहे, अर्ज एकही केलेला नाही. का, तर म्हणे अर्ज भरणं म्हणजे अविश्वास होईल. खाटेखाली नवी कोरी बॅग आहे, चाकांवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. आत फक्त एक जाड जॅकेट, बाहीला किमतीची चिठ्ठी तशीच. मी खिसे चाचपले तर आत डांबरगोळ्या. कसर लागू नये म्हणून सुनंदाने टाकल्या! म्हणजे ही पण मार्चची वाट पाहून राहिली की काय? विचारलं तर म्हणाली, “जॅकेट महागाचं आहे.”

काम न करणाऱ्याने खाऊही नये असं पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलंय, तेही प्रभूच्या येण्याची वाट पाहणाऱ्यांनाच. रोज जेवताना जिभेवर येतं. पण ताट सुनंदा वाढत असते.

मग मी करिंथकरांच्या त्याच पत्रातली, बाराव्या अध्यायातली कृपादानांची, म्हणजे देवाने मंडळीला दिलेल्या देणग्यांची यादी काढून दाखवली. साहाय्य करणारे, व्यवस्था पाहणारे आणि त्यांच्या खाली भाषा बोलणारे. म्हटलं, बघ, मंडळीचा खजिनदार तुझ्या वरच्या ओळीत आहे. तर म्हणतो, “बाबा, पावतीपुस्तकात आत्म्याचा अभिषेक कुठे असतो?” तुझ्याच वळणावर गेलाय. तू असाच केडगाव काढायचास. १९०५ साली तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पोरींवर आत्मा उतरला, लॉस एंजेलिसच्या पेंटेकॉस्टल जागृतीच्या आधी! आणि मी म्हणायचो की त्याच पोरी तिथे शेत, माग आणि छापखानाही चालवत होत्या. आपलं ते भांडण काही मिटलं नाही.

रविवारी चर्चमध्ये पत्रपाठ, म्हणजे प्रेषितांच्या पत्रातला उतारा वाचणं, माझ्याकडे होता. नेमका करिंथकरांस पहिलं पत्र, पहिला अध्याय. त्या मंडळीचे प्रताप तुला माहीत आहेत. मी पौलाचा, मी अपुल्लोचा, आपसात कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाला कोणी उपाशी तर कोणी प्यालेला. अशांना हा माणूस लिहितो की तुम्ही कोणत्याच कृपादानात उणे नाही, आणि त्याच दमात लिहितो की तुम्ही प्रभू प्रकट होण्याची वाट पाहताय. सगळी दानं पदरात आहेत आणि तरी वाट पाहणं सुटलेलं नाही! रोमकरांच्या आठव्या अध्यायातही आत्म्याचं प्रथमफळ मिळालेले लोकच कण्हत वाट पाहतात. आणि पाहतात ती कोणाची? त्याची. व्हिसाची नाही. हे डोक्यात आलं आणि मी पुलपिटावर मध्येच थांबलो. समोरच्या बाकावरून मोहनकाका ओरडले, “मोठ्याने!”

जेवताना अमोलला हे सगळं ऐकवलं. शांतपणे ऐकलं त्याने. मग विचारलं, “बाबा, मग तुम्ही कशाची वाट पाहता?” मी म्हटलं, पेन्शनच्या एरियर्सची. सुनंदा हसली, तो हसला नाही.

विल्सन, तो प्रश्न अजून गेला नाही. आगमनाच्या मेणबत्त्या मी दरवर्षी स्वतः आणतो, जांभळ्या किती, गुलाबी किती, बिलासकट. पण रात्री दोनला उठून देवाला हाक मारावी एवढी निकड मला कधी वाटली नाही. पोराला आहे. चुकीच्या दारापुढे उभा असेल, पण उभा तर आहे. मला त्याचा राग येतो आणि हेवाही वाटतो, आणि दोन्ही एकाच जिन्यात उभं राहून.

बाबांचंही सांगून पाहिलं. उत्तर भारतातल्या मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी १९२९ ला सुरू झाली आणि सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपल्या नागपुरात स्थापन झाली २९ नोव्हेंबर १९७० ला. तोही आगमनाचा पहिला रविवारच. मी बाबांच्या खांद्यावर होतो म्हणे. सहा मंडळ्या एक झाल्या. तुमचे मेथडिस्ट त्याच वर्षी ऐनवेळी फिरले. पंगत मांडली आणि मुलीकडचे आलेच नाहीत, असं बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, तुझ्या वडिलांसमोर तर मुद्दाम. पण एक्केचाळीस वर्षं कोणी बॅग भरून बसलं नव्हतं. बैठका, मसुदे, मतदान, परत मसुदे. अमोल म्हणाला, “म्हणूनच तुमच्याकडे अजून मिनिट्स वाचतात.”

तर काम असं आहे. संदेश देणाऱ्याने द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी, हेही करिंथकरांच्या त्याच चौदाव्या अध्यायात आहे. पारख मी केली तर ते बापाचं बोलणं होतं. तुझं तो ऐकेल, कारण तुला भाषेचं दान आहे, आणि तुलाही संदेश झाला होता की मुंबईला जाशील. पण तू रेल्वे भरतीची परीक्षा दिलीस ना! नापास झालास, परत दिलीस. देवावर अविश्वास दाखवला असं तुला वाटलं नाही का रे तेव्हा? मी कधी विचारलं नाही. ते त्याला सांग. बाकी उपदेश करू नकोस.

शर्लीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला, तारीख कळव. मोतीबिंदूचं झालं का? वहिनींना सलाम.

नाताळात ये. विदर्भ एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन आताच कर, नंतर मिळत नाही. झोपायला माडीवरच जागा आहे, अमोलच्या खोलीत. बॅग जरा सरकवावी लागेल.

तुझा,
सुधीर